एका ‘सेट’चं बस्तान

लग्नात आलेल्या आहेराची एक वही असते. आमच्या घरच्या अशाच एका जुन्या वहीत ‘लेमन सेट’ ही नोंद अकरा वेळा आहे. त्याखाली टी सेट चार, डिनर सेट एक (मामांकडून, म्हणून अधोरेखित). लेमन सेट म्हणजे काचेचा एक जग आणि सहा ग्लास. त्यातून लिंबाचं सरबत प्यायलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तो आपला शोकेसमध्ये बसतो आणि पुढच्या लग्नसराईत वरचा कागद बदलून दुसऱ्याच्या शोकेसमध्ये जाऊन बसतो.

‘सेट’ हा शब्द आमच्या घरात शिरला तो असा, काचेच्या कपाटातून. शिरल्यावर मात्र त्याने हातपाय पसरले. सोफासेट आला, टीव्ही सेट आला, गावाकडे विहिरीवर पंपसेट बसला. सलूनमध्ये ‘काढू नका, नुसती सेट करा’ एवढं म्हटलं की दाढीचं काम भागतं. जिममधला पोरगा दंडाचे तीन सेट मारतो. दवाखान्यात सलाइनचा सेट आणायला पिटाळतात. प्राध्यापक व्हायचं तर नेट नाहीतर सेट. (हा सेट खरं म्हणजे परका, तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा. पण पास झालं की आयुष्य सेट होतं, असं ऐकतो.) नाशिककडचा द्राक्षबागायतदार ‘यंदा सेटिंग चांगलं झालंय’ म्हणतो तेव्हा त्याला फळधारणा म्हणायची असते. सरकारी कचेरीबाहेरच्या टपरीवर चहा पिणारा एखादा माणूस हेच वाक्य शब्दाचाही फरक न करता म्हणतो, तेव्हा त्याला फळंच म्हणायची असतात, पण वेगळी.

आणि एवढं करूनही मराठीतला सेट म्हणजे इंग्रजीतल्या सेटची नुसती करंगळी आहे.

साठ हजार शब्दांचा नायक

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत निघाली. तिच्यातली सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. अर्थ ४३० हून जास्त, मजकूर सुमारे ६०,००० शब्दांचा. म्हणजे बेताच्या आकाराची एक कादंबरीच. नायक एक, त्याच्या नावात अक्षरं तीन, कथानक शून्य.

गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकातही सेटची वर्णी लागली होती. तिथला हिशेब असा: नाम म्हणून ५८ अर्थ, क्रियापद म्हणून १२६ आणि विशेषणासारखे १०. बेरीज १९४. एकाच शब्दाचे अर्थ एकीकडे १९४ आणि दुसरीकडे ४३०? यात कोणाचीही चूक नाही. अर्थ मोजणं हे खारीचे पदर मोजण्यासारखं आहे. एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे मोजणाऱ्याने ठरवायचं, आणि बोट लावलं की आणखी दोन सुटतात.

ऑक्सफर्डकरांना हे पदर सोडवायची सवय जुनी. कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये छापला गेला आणि शेवटचा १९२८ मध्ये. संपादक जेम्स मरी यांनी घरामागच्या बागेत एक पत्र्याची खोली बांधली होती. जगभरातले वाचक कागदाच्या चिठ्ठ्यांवर एकेक शब्द आणि तो ज्या वाक्यात सापडला ते वाक्य लिहून पाठवत आणि त्या चिठ्ठ्या या खोलीतल्या कप्प्यांत जाऊन पडत. टपाल एवढं की मरींच्या ऑक्सफर्डच्या घराबाहेर टपालखात्याने एक खास पेटी बसवली. चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांतला एक अत्यंत मेहनती गृहस्थ, डॉक्टर विल्यम मायनर, वेड्यांच्या इस्पितळात राहत होता. खुनाच्या आरोपातून वेडाच्या कारणाने सुटून तो तिथे आला होता. पुढे कथा-कादंबऱ्यांनी जगाला वेड लावणारे टॉल्किन पहिल्या महायुद्धानंतर याच कोशाच्या नोकरीत होते. त्यांच्या वाट्याला डब्ल्यू अक्षर आलं, आणि वॉलरस या मिशाळ समुद्री प्राण्याच्या व्युत्पत्तीने त्यांना पुष्कळ दमवलं. मरी स्वतः १९१५ मध्ये गेले. कोश पुरा झालेला त्यांना दिसला नाही.

गादी गेली

तिसऱ्या आवृत्तीचं काम ए पासून सुरू न करता एम पासून सुरू झालं. पहिल्या कोशात सुरुवातीच्या अक्षरांवर काम करताना संपादकांचा हात अजून बसायचा होता, म्हणून ती अक्षरं मागे ठेवली. त्यामुळे सेटला धक्के बसले तेही वर्णमालेच्या क्रमाने. २००० मध्ये ‘मेक’ पुढे गेला, २००७ मध्ये ‘पुट’, आणि २०११ मध्ये ‘रन’ने सगळ्यांना मागे टाकलं. क्रियापद म्हणून रनचे ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर या एका कोशकाराने त्यासाठी नऊ महिन्यांहून जास्त वेळ खर्च केला. नऊ महिने आणि एक शब्द. प्रसूती म्हणा हवं तर.

शर्यत पूर्ण न्याय्य होती असं मला वाटत नाही. सेटचा आकडा १९८९ चा, रनचा २०११ चा. नव्याने मोजायला बसलं की सगळ्याच शब्दांचे अर्थ वाढतात, जसं घर आवरायला काढलं की सामान वाढतं. पण रनच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. वाफेची इंजिनं, आगगाड्या, गिरण्या, मोटारी, मग संगणक ही सगळी यंत्रं इंग्रजीत ‘रन’ होतात. यंत्रयुग आलं आणि धावणाऱ्या शब्दाचे दिवस आले. सेट पडला बसका गडी.

गंमत पाहा. इंग्रजांचं यंत्र धावतं आणि आपलं चालतं. घड्याळ चालतं, गिरणी चालते, दुकान चालतं, सरकार चालतं (ढकलावं लागलं तरी चालतंच). इंग्रज दुकान धावडवतो, आपण चालवतो. त्यांच्या नळाचं पाणी धावतं, आपलं वाहतं. सर्दीतल्या नाकाचंही तेच: त्यांचं धावतं, आपलं वाहतं किंवा गळतं. फक्त क्रिकेटमध्ये आपण दोघं एकाच वेगाने निघतो: रन म्हणजे धाव.

निवडणुकीत तर तीन तऱ्हा. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी ‘धावतो’. ब्रिटनमधला ‘उभा राहतो’. मराठी उमेदवार ब्रिटिश वळणाने उभा राहतो, पण त्याच्या पुढची पायरी त्या दोघांच्याही भाषेत नाही. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी रात्रभर फोन चालतात आणि सकाळी बातमी येते: त्याला बसवला.

बसवणे म्हणजेच सेट

आता खरी मजा. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ हे त्याच सिटचं प्रयोजक रूप, इंग्रजीच्याही आधी, तिच्या जर्मॅनिक पूर्वज भाषेत घडलेलं. म्हणजे मराठी व्याकरणाच्या तासाला जसं बसणे–बसवणे, तसं त्यांचं सिट–सेट. बाकीचे चारशे अर्थ काढून घेतले तर तळाशी उरतं ते एवढंच: कशाला तरी कुठे तरी बसवणं.

ही किल्ली हातात घेऊन कुलपं उघडायला लागलं तर किती तरी पटापट उघडतात. हाड मोडलं तर इंग्रज डॉक्टर ते ‘सेट’ करतो, आपला हाडवैद्य बसवतो. सोनार अंगठीत खडा सेट करतो, आपला बसवतो, आणि त्याच्या बसायच्या जागेला आपल्याकडे ‘कोंदण’ असा इतका देखणा शब्द आहे की ‘सेटिंग’ त्याच्यापुढे सिमेंटचं वाटतं. खुडूक कोंबडीला आपण अंड्यांवर बसवतो. इंग्रज शेतकरी अगदी याच कामाला ‘सेट’ म्हणतो. नाटकाचा ‘सेट’ उभा करतात आणि नाटक ‘बसवतात’. त्या सेटला आपण नेपथ्य म्हणतो. संस्कृत नाटकात मात्र नेपथ्य म्हणजे पडद्यामागची, नटांनी वेश करायची जागा. म्हणजे जे प्रेक्षकांना दिसायचं नाही त्याचं नाव आज जे दिसतं त्याला मिळालं आहे. शब्दही कधी कधी विंगेतून एंट्री घेतात.

छापखान्यातही सेटचं मोठं राज्य होतं. खिळ्यांच्या काळात जुळारी एकेक अक्षर उलटं बघत ओळीत लावायचा, त्या कामाला इंग्रजीत ‘टाइप सेट करणं’ म्हणत. आपण त्याला ‘अक्षरजुळणी’ म्हटलं. इथे मी मराठीच्या बाजूने बिनदिक्कत हात वर करतो. सेटमध्ये खिळा नुसता बसतो. जुळणीत तो शेजाऱ्याशी जमवूनही घेतो.

सिट–सेटचं घराणं मोठं आहे. सीट, सॅडल, सेशन, खाली बसलेला गाळ म्हणजे सेडिमेंट, पुढे बसणारा तो प्रेसिडेंट, हे सगळे एकाच मूळपुरुषाचे वंशज. ‘सेटल’ही त्यातलाच, आसनाच्या जुन्या नावावरून आलेला. ‘मुलगा अमेरिकेत वेल सेटल्ड’ या वाक्याचा मूळ अर्थ ‘मुलगा तिकडे चांगला टेकलाय’ एवढाच आहे.

आणि याच घराण्याची संस्कृत शाखा आपल्या अंगणात आहे. तिथला धातू सद्, म्हणजे बसणे. संसद, परिषद, सदन आणि सभासद हे त्याचे वारसदार. गुरूजवळ बसून मिळवायचं ज्ञान म्हणून उपनिषद. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसला की पाणी ‘प्रसन्न’ होतं. प्रसन्न आणि प्रसाद हेही सद् चेच. पाखरू जिथे खाली बसतं ते नीड आणि इंग्रजीतला ‘नेस्ट’ ही तर सख्खी भावंडं. दोघांच्याही पोटात हाच ‘सद्’ मुरगळून बसलेला आहे. आपलं ‘बसणे’ मात्र या घरातलं नाही. ते उप-विश् वरून आलं, आणि वाटेत ज्ञानेश्वरांच्या काळी ‘बैसणे’ होतं.

माझा सगळ्यांत आवडता नातलग पुढेच आहे. आजकाल कोणीही ‘मी अपसेट आहे’ म्हणतो. अपसेटमध्ये सेट आहे. संस्कृतात या मनःस्थितीला ‘विषाद’ म्हणतात, आणि विषादात सद् आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग. तेव्हा रणांगणावर रथात बसून अर्जुन अपसेट झाला होता असं एखाद्या कॉलेजकुमाराने पेपरात लिहिलं, तर मराठीच्या बाईंनी गुण कापावेत, पण भाषाशास्त्राच्या बाईंनी अर्धा गुण द्यावा.

या अपसेटची एक वेगळी गोष्ट अमेरिकेत सांगतात. १३ ऑगस्ट १९१९ ला साराटोगाच्या शर्यतीत ‘मॅन ओ वॉर’ हा गाजलेला घोडा हरला. २१ शर्यतींतली त्याची ही एकुलती हार. त्याला हरवणाऱ्या घोड्याचं नाव होतं ‘अपसेट’. मग खेळात अनपेक्षित निकालाला अपसेट म्हणायची रीत या घोड्यापासून पडली, अशी कथा वर्षानुवर्षं फिरली. कथा ऐटबाज आहे आणि खोटी आहे. खेळाच्या बातम्यांत हा शब्द घोडा जन्मण्याच्या कितीतरी आधी, १८७७ मध्येच, त्याच अर्थाने छापलेला सापडला. म्हणजे शब्दामुळे घोड्याला नाव मिळालं आणि घोड्यामुळे शब्दाला नसती वंशावळ.

वंशावळीचे घोटाळे सेटच्या घरात आणखीही आहेत. ‘ॲसेट’ म्हणजे मालमत्ता. दिसायला अगदी सेटचा भाऊ. प्रत्यक्षात तो जुन्या फ्रेंचमधल्या ‘पुरेसं’ या अर्थाच्या शब्दापासून आला: कर्ज फेडायला पुरेल इतकी पुंजी. आणि कोशकारांच्या मते लेमन सेटमधला, सोफासेटमधला, वस्तूंचा समूह दाखवणारा सेटसुद्धा मुळात बसवण्याचा नव्हेच. तो लॅटिनमधल्या ‘सेक्टा’वरून, म्हणजे पंथ, संप्रदाय या अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला आणि उच्चार सारखा म्हणून या सेटमध्ये मिसळून गेला. सहा ग्लास आणि एक जग हा एक पंथ आहे, असं समजायला हरकत नाही. अनुयायी सहा, गुरू एक, सगळे आतून रिकामे.

उरलेलं लावून टाका

बसवण्याची किल्ली सगळीकडे चालत नाही. जिथे ती अडते तिथे मराठी दुसरी काढते: लावणे. गजर सेट करायचा, गजर लावायचा. घड्याळ सेट करायचं, तेही लावायचं. सापळा लावायचा, आग लावायची, गाण्याला चाल लावायची, पोराला कामाला लावायचं, दुधाला विरजण लावायचं. या सगळ्या ठिकाणी इंग्रज सेटवर भागवतो. दही लागलं की इंग्रजीत ते ‘सेट’ झालं. एकच ओळखीचा माणूस दहा घरांत दहा नावांनी वावरावा तसं.

मग फुटकळ उरतात. मर्यादा घालतात, उदाहरण घालून देतात, पानं मांडतात, तारीख ठरवतात (लग्नाची असेल तर काढतात), परीक्षेचा पेपर काढतात, कैद्याला सोडतात, पाऊल ठेवतात. सूर्य तर या सगळ्यांतून सुटून स्वतःच मावळतो. इंग्रजीत तोही बिचारा ‘सेट’ होतो. एका शब्दाला इतके वेगवेगळे मराठी शब्द लागतात, त्याअर्थी त्या शब्दाला स्वतःचा अर्थच फारसा नसावा असं मला वाटतं. शेजारी जो येईल त्याचा रंग तो घेतो. पाण्यासारखा.

जाता जाता एक कुत्रं. ‘सेटर’ जातीच्या शिकारी कुत्र्याला ते नाव का? पक्ष्याचा वास लागला की ते भुंकत नाही, उडी मारत नाही, पोट टेकून दबा धरून बसतं. पुन्हा आपलं बसणंच.

संच, जुडी, चवड, चळत

गणितात सेटला ‘संच’ म्हणतात. गेऑर्ग कँटर या जर्मन गणितीच्या १८७४ च्या निबंधापासून संचांच्या गणिताची सुरुवात मानतात. अनंत हेही एकाच आकाराचं नसतं, काही अनंत दुसऱ्या अनंतांपेक्षा मोठे असतात, हे त्याने सिद्ध केलं आणि समकालीन गणितींच्या डोक्याला ताप दिला. आपल्याकडे नववीच्या पुस्तकात संचाचं प्रकरण अगदी सुरुवातीला भेटतं: एकघटक संच, रिक्त संच, सांत संच, अनंत संच. लेमन सेटवर हे फार छान समजावता येतं. मोलकरणीच्या हातून, पाहुण्यांच्या पोरांकडून आणि मांजराकडून एकेक ग्लास जातो, शेवटी जग तेवढा उरतो, तो एकघटक संच. मग जगही जातो. रिक्त संच. अनंत संच म्हणजे अर्थात लग्नांत येणारे एकूण लेमन सेट.

पण गणिताबाहेर मराठीला संच हा शब्द मनापासून लागत नाही. आपल्याला वस्तू पाहिल्याशिवाय समूहाचं नाव सांगवत नाही. मेथीची जुडी, गवताची पेंढी, लाकडांची मोळी, किल्ल्यांचा जुडगा, भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी, पत्त्यांचा कॅट, केळ्यांची फणी, द्राक्षांचा घड, मोत्यांचा सर. पक्ष्यांचा थवा, मेंढ्यांचा कळप, मोटारींचा ताफा. करवंदांची जाळी आणि आंब्यांची अढी. शाळेत समूहदर्शक शब्द म्हणून ही यादी घोकून घेतात आणि सगळी मुलं एका तरी परीक्षेत भाकऱ्यांचा थवा उडवतात.

यात केवढी बारकाई आहे बघा. चवड आणि चळत दोन्ही एकावर एक रचलेल्याच, पण चळत म्हटली की काहीतरी घसरेल अशी भीती वाटते, चवडीत ती नाही. अढीत तर वेळही आहे. नुसता आंब्यांचा ढीग म्हणजे अढी नव्हे. पेंढा घालून, पिकायला ठेवलेला, रोज उचकून बघण्याचा मोह होणारा ढीग म्हणजे अढी. इंग्रजीत याला ‘सेट’ म्हणून बघा. आंबेसुद्धा पिकणार नाहीत.

सेट दोशाचं मात्र मला पटतं. बेंगळुरूकडे तो दोन-तीनच्या जोडीनेच ताटलीत येतो, म्हणून सेट. एकटा आला असता तर नाव बदलावं लागलं असतं.

एकाला अनेक, अनेकांना एक

सेटच्या उलटं प्रकरण म्हणजे कमळ. तिथे एक शब्द आणि ४३० अर्थ, इथे एक फूल आणि शब्दच शब्द: पंकज, नीरज, सरोज, अंबुज, पद्म, नलिनी, राजीव, अरविंद. आमच्या वेळच्या कुठल्याही वर्गाचं हे हजेरीपुस्तक.

अशा समानार्थी शब्दांचं सगळ्यांत नामांकित पुस्तक म्हणजे अमरसिंहाचा अमरकोश. तीन कांडांचा, विषयवार लावलेला आणि सगळा पद्यात, म्हणजे पाठ करायला सोपा. पाठशाळेतली मुलं अर्थ कळायच्या आधी कोश पाठ करायची. इंग्रजीत याच जातीचं पुस्तक म्हणजे रॉजेटचा ‘थिसॉरस’, १८५२ चा. पीटर मार्क रॉजेट पेशाने डॉक्टर. लहानपणापासून याद्या करायचा नाद. गणितासाठी एक सुधारलेली सरकपट्टीही त्याने काढली होती. थिसॉरस छापून आला तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. एक हजार मथळ्यांखाली त्याने इंग्रजी भाषा रचून ठेवली. आणि त्याच्या प्रस्तावनेतल्या एका तळटीपेत चक्क अमरकोश आहे! कोलब्रुकने इंग्रजी भाषांतरासह सिद्ध केलेली अमरकोशाची प्रत १८०८ मध्ये श्रीरामपूरला (नगरचं नव्हे, बंगालमधलं) छापली होती, तिचा उल्लेख रॉजेट करतो. मांडणी फारशी नीट नाही असं त्याचं मत पडलं. पडू द्या. अमरसिंह त्याच्या हजाराहून अधिक वर्षं आधी होऊन गेला होता, मांडणी सुधारायला त्याला वेळ नव्हता.

‘थिसॉरस’ म्हणजे ग्रीकमध्ये खजिना. ‘कोश’ म्हणजे संस्कृतातही खजिना. दोन भाषांना शब्दांच्या पुस्तकासाठी एकच उपमा सुचली, आणि दोन्हींना ती पैशावरूनच सुचली.

अमरकोशात क्रियापदं नाहीत, नामांचाच भरणा. त्यामुळे सेटसारखं गिऱ्हाईक अमरसिंहाच्या दारात आलंच नाही. ते आलं मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या दारात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. मधे १८४७ मध्ये इंग्रजी-मराठी कोश निघाला. तो मोल्सवर्थने सुरू केला आणि मेजर थॉमस कँडीने पुरा केला. मराठीत विरामचिन्हं रुजवल्याचं श्रेय ज्याला देतात तोच हा कँडी. या मंडळींना एका बाजूने सेट सोडवायचा होता आणि दुसऱ्या बाजूने त्याहून अवघड जनावर: आपलं ‘लागणे’.

कोकणच्या एका प्रवासात ते किती वेळा भेटतं ते बघा. एसटी फलाटाला लागली. घाट लागला. घाटात वहिनींना गाडी लागली. (पहिली गाडी लागली की आनंद होतो, दुसरी लागली की पिशवी शोधतात.) उतरल्यावर भूक लागली, पुढे एक खानावळ लागली, मासे झणझणीत लागले, मग ठसका लागला. बंदरावर पाऊस लागला. होडीत काकांना बोट लागली. रात्री उकाड्याने झोप लागेना, पहाटे कुठे डोळा लागला तर देवळात काकड्याला सनई लागली. शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांशी गप्पा लागल्या तर ते आमच्या मावशींचे चुलतदीर लागत होते. परत येऊन बघतो तो दाराला आतून कडी लागलेली, घरभर दिवे लागलेले, आणि पोरांनी स्वयंपाकघराची वाट लागेल इतका पसारा लावलेला.

यातल्या ‘मावशींचे चुलतदीर लागतात’ या लागण्याचं इंग्रजी करून दाखवणाऱ्याला माझ्याकडून एक लेमन सेट. न उघडलेला.

आणि बसणेसुद्धा काही कमी नाही. धंद्याचा जम बसला म्हणजे चांगलं झालं. धंदा बसला म्हणजे वाटोळं झालं. एका ‘जम’चा फरक. घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, भिंत बसते, परीक्षेला बसतात, नवरात्रात घट बसतात. मित्राचा संध्याकाळी पाच वाजता फोन आला, ‘आज बसायचं का?’, तर त्याला खुर्च्यांबद्दल काही म्हणायचं नसतं हे घरातल्या बाकीच्यांनाही कळतं.

सत्तर–अडुसष्ट

टेनिसमधला सेट साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा मामला. २०१० च्या विम्बल्डनमध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पहिल्या फेरीतला सामना तीन दिवस चालला, एकूण ११ तास ५ मिनिटं. त्यातला पाचवा सेट एकटाच ८ तास ११ मिनिटं. मोजणारा फलक ४७–४७ वर बंद पडला. इतके गेम होतील असं तो बनवणाऱ्यांच्या मनातच आलं नव्हतं. इस्नर ७०–६८ ने जिंकला. दोनच वर्षांनी त्याच विम्बल्डनमध्ये यारोस्लावा श्वेदोव्हाने सारा एरानीविरुद्ध एक अख्खा सेट एकही गुण न गमावता घेतला. शब्द तोच, सेट.

आणि शेवटचा सेट आमच्या दिवाणखान्यातला. टीव्ही जेव्हा पोटाने मोठा होता, तेव्हा त्याच्या डोक्यावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर गणपती आणि गणपतीशेजारी तो छोटा काळा डबा बसत असे. टीव्ही सेटच्या टॉपवर बसतो म्हणून सेटटॉप बॉक्स. आता टीव्ही पापडासारखा झाला. परवा केबलवाला आला, डबा हातात घेऊन त्याने टीव्हीच्या वर पाहिलं, खाली पाहिलं, मला विचारलं, ‘काका, हा बसवायचा कुठे?’ शोकेसमध्ये एकच जागा मोकळी होती. लेमन सेटच्या जगाशेजारी.